जननदर दोनवर आला, ऑपरेशन मात्र अजून बाईचंच

देवनारकर

लोकसंख्येचा विषय निघाला की एकाच आठवड्यात "स्फोट होतोय" आणि "आता मुलंच होत नाहीत" असे दोन्ही सूर ऐकू येतात. दोन्हीकडे आकडे भलत्या जागी लावलेले असतात. म्हणून हा धागा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, ३.४ होता. पुढे १९९८-९९ ला २.९, २००५-०६ ला २.७, २०१५-१६ ला २.२ आणि २०१९-२१ ला २.०. शहरात १.६, खेड्यात २.१. नमुना नोंदणी पद्धतीचा २०२३ चा अहवाल तर १.९ सांगतो. पाचव्या फेरीत बिहार ३.०, मेघालय २.९, उत्तर प्रदेश २.४, झारखंड २.३ आणि मणिपूर २.२ एवढीच राज्यं २.१ च्या, म्हणजे पिढीच्या जागी तेवढीच पिढी उभी राहण्याच्या पातळीच्या, वर राहिली. महाराष्ट्र १.७, गोवा १.३, सिक्कीम १.१.

मला बोलायचंय ते मात्र याच्या पुढचं. हा दर खाली आला कसा? २०१९-२१ मध्ये १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुष नसबंदी ०.३ टक्के. तांबी २.१, गोळ्या ५.१, निरोध ९.५. महाराष्ट्रात जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालंय, आंध्रात सुमारे ७० टक्के. म्हणजे पाळणा लांबवण्याची साधनं अंगवळणी पडायच्या आधीच आपण पाळणा थांबवण्यावर आलो. विशीच्या आत-बाहेर लग्न, लागोपाठ दोन बाळंतपणं आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन, हा साचा बऱ्याच राज्यांत बसलाय. दर कमी झाला म्हणून कुटुंब नियोजन कार्यक्रमाचं काम संपलं असं समजणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत.

वाचनमात्र

धागा आवडला. एक शंका. दोन माणसांमागे दोन मुलं, म्हणजे बरोबरी झाली. मग लोकसंख्या अजून वाढते कशी? आणि २.१ हा आकडा कुठून येतो? वरचं ०.१ कशासाठी?

गणितवेडा

आधी जननदर म्हणजे काय ते. एकेका बाईची मुलं मोजून तो काढत नाहीत. पाच-पाच वर्षांचे सात वयोगट घेतात, १५-१९ पासून ४५-४९ पर्यंत. प्रत्येक गटातल्या दर हजार स्त्रियांमागे वर्षाला किती जन्म झाले ते काढतात, सातही आकड्यांची बेरीज करतात, पाचने गुणतात आणि हजाराने भागतात. समजा आकडे ४०, १६०, १२०, ५०, २०, ५, ० असे आले. बेरीज ३९५, गुणिले पाच १९७५, म्हणजे दर १.९८. आजचे दर एखादीला आयुष्यभर लागू पडले तर तिला सरासरी किती मुलं होतील, एवढंच तो सांगतो. लग्नं पुढे ढकलली जात असतील तर काही वर्षं हा दर खराखुरा असतो त्याहून कमी दिसतो, कारण पुढे सरकलेले जन्म अजून हिशेबात आलेले नसतात.

आता २.१. आईच्या जागी एक मुलगी उभी राहायला हवी आणि ती स्वतः आई होण्याच्या वयापर्यंत जगायला हवी. आपल्याकडे पाचव्या फेरीत जन्मावेळचं प्रमाण हजार मुलग्यांमागे ९२९ मुली होतं. म्हणजे १९२९ जन्मांत ९२९ मुली, ४८.२ टक्के. एका मुलीसाठी सरासरी १ भागिले ०.४८२, म्हणजे २.०७ जन्म लागले. शंभरातल्या ९५-९६ मुली त्या वयापर्यंत पोचतात असं धरलं तर आकडा २.१५ ते २.२ वर जातो. २.१ ही निरोगी आणि मुली न गाळणाऱ्या समाजाची रेघ आहे, आपली तिच्याहून थोडी वर आहे. गर्भलिंगनिदानाचा हा परिणाम जननदराच्या चर्चेत कोणी घेत नाही, घ्यायला हवा.

लोकसंख्या वाढते ती आधीच जन्मलेल्यांमुळे. ३.४ आणि २.९ च्या काळात जन्मलेल्या मुली आज विशी-तिशीत आहेत. त्यांनी दोन-दोनच मुलं होऊ दिली तरी आयाच इतक्या आहेत की जन्म मृत्यूंपेक्षा जास्त राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारत २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १७० कोटींवर पोचेल आणि मग उतरणीला लागेल.

देवनारकरांच्या मुद्द्याला पुस्ती: पहिलं मूल विसाव्या-एकविसाव्या वर्षी झालं की पिढ्या लवकर उलटतात. सरासरी साडेबावीस वर्षांनी पिढी उलटली तर ९० वर्षांत चार पिढ्या होतात, तिसाव्या वर्षी उलटली तर तीनच. मुलांची संख्या दोन्हीकडे तीच. म्हणून लग्नाचं वय आणि दोन मुलांतलं अंतर हे आरोग्याचे प्रश्न आहेतच, शिवाय लोकसंख्येचं थेट गणितही आहे. मुलीचं लग्न १८ च्या आत होण्याचं प्रमाण पाचव्या फेरीत देशात २३.३ टक्के होतं, महाराष्ट्रात २१.९. दर १.७ असलेल्या राज्यात हा आकडा शोभत नाही.

सडेतोड

आकडे ठीक, पण सरासरीमागे बरंच दडतं. काही समाजात दर जास्त आहे हे सरळ म्हणा. आणि दोन अपत्यांचा कायदा देशभर लावला की प्रश्नच मिटला.

देवनारकर

@सडेतोड, सरळच सांगतो. १९९२-९३ ला हिंदू ३.३, मुस्लिम ४.४. २०१९-२१ ला १.९४ आणि २.३६. अंतर १.१ वरून ०.४ वर आलं, आणि उतार मुस्लिमांमध्ये जास्त आहे. आता दुसरी जोडी बघा: शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रियांचा दर २.८, बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांचा १.८. हे अंतर धर्मातल्या अंतराच्या दुपटीहून जास्त आहे. बिहारमधल्या हिंदू बाईला केरळातल्या मुस्लिम बाईपेक्षा जास्त मुलं होतात. जिल्हा, शाळा आणि लग्नाचं वय माहीत असेल तर दराचा बराचसा अंदाज बांधता येतो.

शिवाय याच फेरीत "हवी असलेली" मुलं मोजली तर दर १.६ भरतो. बायकांना आहेत त्याहून कमी मुलं हवी आहेत. त्यांच्या हातात वेळेवर साधन पोचत नाही. तिथे कायदा काय करणार?

कलम_पोटकलम

कायद्याबद्दल. महाराष्ट्रात तो आहेच. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक लढवता येत नाही. २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांनुसार, २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात मुलांची संख्या दोनच्या वर गेली तर राज्याच्या सरकारी नोकरीत नेमणूक होत नाही, अर्जासोबत तसं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. पण राज्याचा दर त्याआधीच वेगाने उतरत होता. केरळ १९८८ च्या सुमारास आणि तमिळनाडू १९९३ च्या सुमारास बदली पातळीला (वर आलेल्या २.१ ला) पोचले, तेही असा नियम नसताना. आंध्र प्रदेशने तर २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठीची दोन अपत्यांची अट काढून टाकली, कारण तिथे आता म्हाताऱ्यांचं प्रमाण वाढण्याची चिंता आहे.

सक्तीचा धडा आपल्याच घरचा आहे. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. त्याआधी पुरुष नसबंदी हीच मुख्य पद्धत होती. केरळातल्या एर्नाकुलमच्या जुलै १९७१ च्या शिबिरात ६३,४१८ पुरुषांनी करून घेतली होती. आणीबाणीनंतर पुरुष जे पळाले ते आजतागायत परत आले नाहीत. १९७७ ला कुटुंब नियोजन खात्याचं नाव "कुटुंब कल्याण" झालं आणि ओझं बायकांकडे सरकलं. सक्तीने दर खाली आला नाही. नुकसान मात्र पन्नास वर्षं पुरलं.

तालुका_सर्जन

पुरुष नसबंदीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

आता जी होते ती बिनटाक्याची. जागा सुन्न करण्यासाठी लिग्नोकेनचं इंजेक्शन, मग दोनच खास हत्यारं: पुढे कडं असलेला चिमटा आणि बारीक टोकाचा चिमटा. कड्याच्या चिमट्यात वीर्यवाहिनी त्वचेवरूनच पकडायची, टोकदार चिमट्याने एक छिद्र पाडायचं, नळी बाहेर काढून बांधून कापायची, दुसऱ्या बाजूला तेच. दहा-पंधरा मिनिटांचं काम. टाका नाही. अर्ध्या-पाऊण तासाने माणूस चालत घरी जातो. घट्ट लंगोट किंवा चड्डी वापरायची, ४८ तास विश्रांती, मग हलकं काम. सायकल, ओझी, नांगर आठवड्याने.

"कमजोरी येते" ही भीती खोटी का, तेही सांगायला हवं. पुरुषी संप्रेरक अंडकोषातून थेट रक्तात जातं, कापलेल्या नळीतून नाही. वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा असतो, बाकीचा द्रव वरच्या ग्रंथींतून येतो. त्यामुळे जोर, इच्छा, दाढी-मिशी, वीर्याचं दिसणं यात फरक पडत नाही.

चुकतं ते पुढच्या तीन महिन्यांत. कापलेल्या जागेच्या पुढे शुक्रजंतू शिल्लक असतात. म्हणून तीन महिने निरोध वापरायचाच, आणि तीन महिन्यांनी वीर्यतपासणीत शुक्रजंतू शून्य आले तरच प्रमाणपत्र मिळतं. बहुतेक जण तपासणीला येतच नाहीत. मग बायकोला दिवस जातात, तिच्या चारित्र्यावर शंका घेतली जाते, आणि गावात "ऑपरेशन फेल जातं" असं पसरतं ते वेगळंच. शस्त्रक्रियेच्या दिवशीच नव्वद दिवसांनंतरची तारीख लिहून, निरोधची पाकिटं आणि नमुन्याची डबी हातात दिली तर निम्मा घोळ टळतो. नीट केलेल्या पुरुष नसबंदीत अपयश हजारात एक-दीड, स्त्रियांच्या ऑपरेशनात पहिल्या वर्षी हजारात पाच. स्त्रीच्या बाबतीत पोट उघडावं लागतं, पुरुषाच्या बाबतीत फक्त कातडी. सोपी शस्त्रक्रिया कोणती हे यात आलंच.

मोबदल्यात सरकारनेही हे मान्य केलंय. आपल्या राज्यात केंद्राच्या दराने पुरुषाला ११०० रुपये, दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती किंवा जमातीच्या स्त्रीला ६००, इतर स्त्रियांना २५०. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो. त्याचा पहिला आठवडा माहिती देण्याचा, दुसरा शस्त्रक्रियेचा.

वाचनमात्र

आणि स्त्रियांच्या ऑपरेशनातलं अपयश कशामुळे? टाक्याचं आणि दुर्बिणीचं यात कुठलं बरं?

तालुका_सर्जन

टाक्याचं म्हणजे छोटा छेद देऊन. बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत सोयीचं, कारण गर्भाशय वर असतं आणि बेंबीखाली छेद दिला की नळ्या हाताशी येतात. दुर्बिणीचं बाळंतपणानंतर सहा आठवडे तरी करायचं नाही. त्यात पोटात वायू भरून नळीवर रिंग चढवतात. हिमोग्लोबिन किमान ७ हवं. बाई आधीच गरोदर नाही याची लघवीची तपासणी झाली पाहिजे. अपयशाचं एक मोठं कारण हेच: ऑपरेशनच्या दिवशी गर्भ राहिलेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरं, नळीऐवजी शेजारचा गोल बंध बांधला जाणं. नळी ओळखायची तर तिच्या झालरीसारख्या टोकापर्यंत जाऊन ओळखावी. तिसरं, नळी पुन्हा जुळून येणं. ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली तर "कसं शक्य आहे" म्हणून थांबू नये, नळीत गर्भ असू शकतो आणि तो जिवावर बेततो.

शिबिरांबद्दल एक हिशेब मांडतो. दुर्बीण दर केसनंतर ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या द्रावणात २० मिनिटं बुडवावी लागते, मग निर्जंतुक पाण्यातून काढायची. त्यात शस्त्रक्रियेची दहा मिनिटं मिळवा. एका दुर्बिणीवर तासाला दोन केस. म्हणून नियम असा की तीन दुर्बिणी असलेल्या पथकाने दिवसाला ३० च्या वर जायचं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एकाच शिबिरात काही तासांत ८३ जणींवर शस्त्रक्रिया केल्या. तिथल्या शिबिरांनंतर १३ बायका गेल्या. संख्या हे यश मानलं की असं होतं, आणि ते होणार हे आधीपासून दिसत असतं.

कलम_पोटकलम

त्याच प्रकारच्या शिबिरांवरून आरोग्य कार्यकर्त्या देविका बिस्वास यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात होती. १४ सप्टेंबर २०१६ च्या निकालात न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरं बंद करून ठरलेल्या दिवशी रुग्णालयातच सेवा द्यायला सांगितलं. किती ऑपरेशनं करायची याचं टार्गेट कागदावर १९९६ मध्येच गेलं होतं. "अपेक्षित कामगिरी" या नावाने ते जिवंत राहिलं.

भरपाईचीही योजना आहे, फार थोड्यांना माहीत असते. शस्त्रक्रियेमुळे रुग्णालयात किंवा घरी सोडल्यापासून ७ दिवसांत मृत्यू झाला तर ४ लाख, ८ ते ३० दिवसांत १ लाख, शस्त्रक्रिया अयशस्वी ठरली तर ६० हजार, गुंतागुंतीच्या उपचारांसाठी प्रत्यक्ष खर्च, ५० हजारांपर्यंत.

आरोग्यसेविका_पन्हाळा

सगळी चर्चा ऑपरेशनवरच चाललीय. पाळणा लांबवायच्या साधनांबद्दल मी लिहिते. तीही मोफत आहेत आणि उपकेंद्रावर मिळतात.

छाया: आठवड्याच्या गोळ्या. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं औषध, त्यात संप्रेरक नाही, त्यामुळे अंगावर पाजणारीलाही चालते. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच, पहिल्या गोळीच्या वारी. पहिली रविवारी तर दुसरी बुधवारी, सोमवार-गुरुवार, मंगळवार-शुक्रवार, बुधवार-शनिवार, गुरुवार-रविवार, शुक्रवार-सोमवार, शनिवार-मंगळवार. तीन महिन्यांना २४ गोळ्या, म्हणजे आठच्या तीन पट्ट्या. एकच पट्टी देऊन पाठवलं तर चार आठवड्यांत संपते आणि बाई परत येईलच असं नाही. काही जणींची पाळी लांबते किंवा कमी जाते. हे आधी सांगितलं नाही तर "दिवस गेले" म्हणून गोळ्या बंद होतात.

अंतरा: दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, १५० मिलीग्रॅम. बाटली नीट हलवायची. तळाशी पांढरा साका राहिला तर औषध कमी जातं. दिल्यावर ती जागा चोळायची नाही, शेकायचीही नाही, नाहीतर औषध लवकर शोषलं जाऊन तीन महिने पुरत नाही. पुढची तारीख दोन आठवडे अलीकडे किंवा चार आठवडे पलीकडे चालते. अंगावर पाजणारीला सहा आठवड्यांनंतर. सुरुवातीला पाळी अनियमित होते, पुढे बंदही होते. ते रक्त "आत साठत" नाही, अस्तरच तयार होत नाही म्हणून जात नाही. ही एवढी दोन वाक्यं पहिल्या इंजेक्शनच्या आधी, सासूबाई शेजारी असतील तर त्यांच्यासमोरही सांगितली पाहिजेत. दुसऱ्या डोसला न येणाऱ्या बायका बहुतेक याच भीतीने येत नाहीत. आणि बंद केल्यावर मूल राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागतात. वर्षभरात मूल हवं असेल तिला दुसरं साधन सुचवावं.

तांबी: ३८० ए प्रकारची दहा वर्षं चालते, ३७५ प्रकारची पाच वर्षं. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, नाहीतर सहा आठवड्यांनंतर. बाळंतपणानंतर बसवलेली निसटण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून सहा आठवड्यांची तपासणी चुकवू नये. दोरा दिसला नाही म्हणजे पडलीच असं धरू नका, वर गुंडाळलेला असतो, सोनोग्राफी करावी. आणि बाईने काढून मागितली तर काढून द्यायची. "अजून दोन वर्षं राहू दे" हा सल्ला तिने विचारला तरच. काढून मिळत नाही असं एकीच्या बाबतीत झालं की त्या वाडीवर पुढे कोणी बसवून घेत नाही.

सडेतोड

शिक्षणाचा आकडा माहीत नव्हता. मान्य. एक विचारतो: छायाची गोळी चुकली तर?

आरोग्यसेविका_पन्हाळा

आठवल्याबरोबर घ्यायची. सात दिवसांच्या आत आठवलं तर वार तेच ठेवायचे, पण पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवसांच्या वर गेलं तर नव्याने सुरुवात: पुन्हा तीन महिने आठवड्यातून दोनदा. पाळी १५ दिवसांहून जास्त लांबली तर आधी तपासणी.

वाचनमात्र

@कलम_पोटकलम, ऑपरेशन होऊन दिवस गेले तर ते ६० हजार कुठे मागायचे? शेजारच्या गावात अशी केस आहे.

कलम_पोटकलम

जिथे ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात अर्ज, तिथून जिल्ह्याच्या गुणवत्ता समितीकडे जातो. संमतीपत्र आणि नसबंदी प्रमाणपत्राच्या प्रती, गरोदरपणाची तपासणी किंवा सोनोग्राफी, ओळखपत्र, बँक पासबुक. गर्भ राहिल्याचं कळल्यापासून ९० दिवसांत. संमतीपत्रातच एक ओळ असते की पाळी चुकल्यास दोन आठवड्यांत दवाखान्यात कळवीन. अर्ज फेटाळताना बहुधा तिच्यावरच बोट ठेवतात, म्हणून तोंडी सांगू नका, बाह्यरुग्ण विभागाचा तारखेचा केसपेपर काढून ठेवा. मूल नको असेल तर साधन अयशस्वी झाल्याच्या कारणावरून २० आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर आहे, एका डॉक्टरचं मत पुरतं आणि नवऱ्याची सही लागत नाही. प्रमाणपत्र हरवलं असेल तर आधी दवाखान्याच्या नसबंदी रजिस्टरमधल्या नोंदीची साक्षांकित प्रत मागा. ती मिळायलाच सगळ्यात जास्त दिवस जातात, तेव्हा त्या बाईंना उद्याच पाठवा.